इंटरनेटवर शोधून घरातले बिघाड सोडवणं आणि पैसे वाचवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्चच्या चौकटीत नेमकं काय टाइप करायचं?

वस्तूचं नाव टाकलं की ती वस्तू विकणारे पुढे येतात. बिघाडाचं वर्णन टाकलं की तो बिघाड आधी कुणी दुरुस्त केलाय ते सापडतं. बहुतेकांचे पैसे वाया जातात ते इथेच. 'वॉशिंग मशीन खराब' असं शोधलं की नव्या मशीनच्या जाहिराती आणि दुरुस्तीवाल्यांचे नंबर दिसणार, दुसरं काही नाही.

म्हणून तीन गोष्टी टाका: मॉडेल नंबर, दिसणारं लक्षण आणि ते कधी दिसतं. 'पाणी बाहेर जात नाही, स्पिन सुरू व्हायच्या आधी थांबतं, घूं आवाज येतो' हे वर्णन तुकड्यातुकड्यात टाकलं तरी चालतं. पूर्ण वाक्याची गरज नसते. आणि आपलं निदान त्यात घुसवू नका. 'मोटर जळाली' असं टाकलं तर मोटर बदलण्याचीच पानं येतील, दोष एखाद्या अडकलेल्या नाण्याचा असला तरी.

मॉडेल नंबर सापडत नाही. तो कुठे असतो?

खोक्यावर किंवा समोरच्या पट्टीवर जे ठळक नाव असतं ते बहुधा मालिकेचं नाव असतं, मॉडेल नंबर नव्हे. खरा नंबर स्टिकरवर किंवा धातूच्या पट्टीवर असतो:

- फ्रंट लोड वॉशिंग मशीन: दार उघडल्यावर दाराच्या कडेला किंवा समोरच्या चौकटीवर
- फ्रिज: आतल्या बाजूच्या भिंतीवर, बऱ्याचदा भाजीच्या कप्प्याजवळ
- टीव्ही: मागे
- लॅपटॉप, राउटर: खाली
- मिक्सर, इस्त्री, किटली: बुडाला किंवा तळपट्टीवर

मोबाइलने त्याचा फोटो काढा, मग टाइप करा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांची अदलाबदल फार होते. तिरप्या रेघेच्या पुढची अक्षरंही टिपून ठेवा. एकाच मशीनच्या दोन आवृत्त्यांत पंप वेगळा असू शकतो आणि तो फरक त्याच अक्षरांत असतो. पूर्ण नंबर टाकून काहीच आलं नाही, तर शेवटची दोन-तीन अक्षरं काढून पुन्हा शोधा. ती बऱ्याचदा फक्त रंग किंवा विक्रीचा प्रदेश सांगतात.

सीरियल नंबर वेगळा. तो तुमच्या एकाच नगाचा असतो, शोधायला उपयोगी पडत नाही. कुठे प्रश्न विचारताना फोटो टाकणार असाल तर तो झाका.

मशीनवर एरर कोड आलाय. मेकॅनिक बोलवायच्या आधी काय बघायचं?

कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे कंपनीचं नाव टाकल्याशिवाय शोधू नका. एलजीच्या वॉशिंग मशीनवर 'ओई' म्हणजे पाणी बाहेर जात नाही, 'आयई' म्हणजे पाणी आत येत नाही, 'यूई' म्हणजे कपड्यांचा तोल गेलाय, 'डीई' म्हणजे दार नीट लागलेलं नाही. सॅमसंगवर पाणी आत न येण्याला '४सी' आणि बाहेर न जाण्याला '५सी' येतं, जुन्या मशीनवर '४ई' आणि '५ई'. इथे एक गंमत आहे. या छोट्या पडद्यांवर ५ चा आकडा आणि इंग्रजी 'एस' अगदी सारखे दिसतात. एका वाचनाने उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्याने शोधा.

पाणी बाहेर न जाण्याचा कोड हा घरी सुटण्यासारखा सगळ्यात नेहमीचा. फ्रंट लोड मशीनमध्ये क्रम असा:

१. मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्याची धुलाई चालू असेल तर पाणी निवू द्या, भाजतं.
२. खाली कोपऱ्यात छोटं झाकण असतं ते उघडा. आत फिल्टरची गोल चकती आणि बहुतेक मशीनना शेजारी एक बारीक नळी असते. पसरट ताट ठेवून आधी नळीचं बूच काढा आणि पाणी जाऊ द्या. ताट अनेकदा रिकामं करावं लागतं. ड्रम भरलेला असेल तर पाणी बादलीभर निघतं.
३. पाणी थांबल्यावर फिल्टर घड्याळाच्या उलट्या दिशेने सावकाश फिरवा. नाणी, केसांच्या पिना, बटणं, लहान मोजे, सगळं इथेच अडकतं.
४. टॉर्च मारून आत बघा. पंपाचा छोटा पंखा बोटाने फिरवून पाहा, काच किंवा टाचणी असेल म्हणून जपून. तो अडखळत, झटके घेत फिरतो. ते आतल्या चुंबकामुळे, तो बिघाड नाही. अजिबात न फिरणं किंवा सैल लटपटणं, हा बिघाड.
५. फिल्टर पूर्ण घट्ट बसवा. तिरका बसला तर पुढच्याच धुलाईत खाली तळं होतं.

एवढं करूनही कोड राहिला तर मागची ड्रेन पाइप दुमडली आहे का, ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या उंचीवर आहे का, हे बघा. त्यानंतरच पंपाकडे वळायचं. 'पंप बदलावा लागेल' असं फोनवरच ऐकलंत तर फिल्टर साफ केलाय का, हे स्वतःलाच आधी विचारा.

शोध नेमका करायला काही चिन्हं वापरतात म्हणे, ती कोणती?

रोज लागतात अशी चारच.

अवतरणचिन्हं: एररचा मजकूर जसाच्या तसा त्यांच्यात घातला की तेच शब्द त्याच क्रमाने असलेली पानं येतात. मात्र त्या मजकुरातलं तुमच्या संगणकाचं नाव, फोल्डरचा मार्ग, तारीख हे काढून टाका. ते जगात दुसऱ्या कुणाच्या पानावर नसणारच.

उणे चिन्ह: नको असलेल्या शब्दाला चिकटवून लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. दुरुस्ती शोधताना 'किंमत' किंवा 'खरेदी'साठीचे शब्द असे वगळले की निम्मा कचरा जातो.

'साइट' हा इंग्रजी शब्द, लगेच कोलन आणि जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता: शोध त्या एकाच ठिकाणापुरता राहतो. पुष्कळ संकेतस्थळांची स्वतःची शोधपेटी इतकी वाईट असते की बाहेरून असं शोधणंच बरं.

'फाइलटाइप' हा इंग्रजी शब्द, कोलन आणि 'पीडीएफ': मॅन्युअल हवं असेल तेव्हा मॉडेल नंबरसोबत हे टाका. ग्राहकासाठीचं मॅन्युअल तर मिळतंच, नशीब असेल तर मेकॅनिकसाठीचं सर्व्हिस मॅन्युअलही सापडतं. त्यात एरर कोडचा पूर्ण तक्ता आणि प्रत्येक भागाची मोजमापं असतात.

आणि पान उघडल्यावर कंट्रोल आणि एफ ही बटणं दाबून पानातल्या पानात शोधा. मोबाइलवर हेच ब्राउझरच्या मेनूत 'पानात शोधा' या नावाने असतं. चाळीस पानी मॅन्युअल वाचायला कुणाला वेळ आहे!

उत्तरं दहा-दहा वर्षं जुनी येतात. काय करू?

आधी ठरवा की जुनं असण्याने फरक पडतो का. नळाचा वॉशर बदलण्याची रीत जुनी झाली तरी बिघडत नाही. फोनच्या सेटिंगचं उत्तर मात्र दोन वर्षांत निकामी होतं. गुगलमध्ये निकालांच्या वर 'टूल्स'मध्ये जाऊन 'गेल्या वर्षातलं' निवडता येतं, किंवा 'आफ्टर' हा इंग्रजी शब्द, कोलन आणि साल असं टाकता येतं. पानावरच्या तारखेवर फार विसंबू नका. मजकूर तोच ठेवून तारीख ताजी करणारे पुष्कळ असतात. मजकुरात कोणत्या आवृत्तीचं नाव आहे ते बघा.

मराठीत शोधावं की इंग्रजीत?

यंत्रांच्या बाबतीत दोन्हीत. मराठीत व्हिडिओ चांगले मिळतात आणि हात कसा चालवायचा ते कळतं. मॅन्युअल, पार्ट नंबर आणि नेमके कोड इंग्रजी पानांवर जास्त असतात. मराठीत टाइप करताना मात्र एक अडचण येते. एकच शब्द लोक वेगवेगळ्या प्रकारे लिहितात, 'मशीन' आणि 'मशिन', 'वॉशिंग' आणि 'वाशिंग'. एका लेखनाने काही आलं नाही तर दुसरं वापरून बघा. इंग्रजी पान समजत नसेल तर ब्राउझरमधलं भाषांतर वापरा, पण आकडे आणि एकक मूळ पानावरूनच वाचा.

तुटलेल्या भागाचं नावच माहीत नाही. शोधू कसा?

भाग पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी पट्टी ठेवा, वरून सरळ फोटो काढा आणि गुगल लेन्ससारख्या चित्रशोधात टाका. दिसायला सारखं काहीतरी येईल. त्यातून भाग घेऊ नका, फक्त नाव घ्या. मग ते नाव आणि मॉडेल नंबर मिळून पुन्हा शोधा.

याहून खात्रीची वाट म्हणजे सुटे भाग वेगवेगळे करून दाखवणारी आकृती. मॉडेल नंबरसोबत 'पार्ट्स डायग्राम' हे शब्द इंग्रजीत टाका. आकृतीत प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि खाली त्याचा पार्ट नंबर. हातातला तुकडा आकृतीत कुठे बसतो ते बघितलं की नाव, नंबर आणि शेजारचा कुठला वॉशर सोबत बदलावा लागेल हे सगळं एकदम कळतं. फोन आणि लॅपटॉप उघडायचे असतील तर आयफिक्सिट या संकेतस्थळावर पायरीपायरीचे फोटो फुकट मिळतात, कोणत्या जागी किती लांबीचा स्क्रू यासकट. वायरलेस उपकरणावर 'एफसीसी आयडी' छापलेला असेल तर तोही शोधून बघा. अमेरिकेतल्या मान्यतेच्या कागदपत्रांत अनेकदा यंत्राच्या आतले फोटो असतात. उघडायच्या आधीच आत काय आहे ते दिसतं.

सुटा भाग मागवला आणि बसलाच नाही. चूक कुठे होते?

'या मॉडेलला चालतो' हे विक्रेत्याचं वाक्य पुरावा म्हणून धरू नका. जुना भाग काढून त्याच्यावर कोरलेला किंवा छापलेला नंबर वाचा आणि तो अवतरणचिन्हांत शोधा. कंपनी भाग बदलते तेव्हा जुन्या नंबराऐवजी कोणता नवा नंबर वापरायचा हेही पार्ट्सच्या यादीत दिलेलं असतं.

काही भागांचं गणित ठरलेलं आहे.

लॅपटॉपचा चार्जर: व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. १९ व्होल्ट ३.४२ अँपिअरच्या जागी १९ व्होल्ट ४.७४ अँपिअर चालतो, उलट केलं तर चार्जर तापतो किंवा चार्जिंग थांबतं. गोल पिन असेल तर बाहेरचा आणि आतला व्यास, दोन्ही जुळले पाहिजेत. ५.५ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेल्या पिनाही आतून वेगवेगळ्या असतात. धन टोक मध्ये की बाहेर, हे चार्जरवरच्या छोट्या आकृतीत दिसतं.

छताच्या पंख्याचा कपॅसिटर: पंखा हळू फिरतो, हाताने ढकलल्यावर सुरू होतो, तेव्हा दोष बहुधा याचाच. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, २.५ असेल तर २.५. व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पंखा जोरात फिरावा म्हणून जास्त मायक्रोफॅरडचा टाकण्याचा सल्ला कुठेकुठे दिसेल. त्याने मोटरमधली तारेची गुंडाळी (वाइंडिंग) तापते.

बटणासारखे सेल: नावातच माप असतं. 'सीआर २०३२' म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. 'सीआर २०२५' तेवढाच रुंद पण २.५ जाड, म्हणून तो खटकन बसतो आणि तरी कधीकधी टेकत नाही. 'एलआर ४४' आणि 'एजी १३' ही एकाच मापाची दोन नावं आहेत. मेलेला सेल हातात घेऊन दुकानं हिंडण्यापेक्षा त्याचा 'समतुल्य तक्ता' शोधा, दोन मिनिटांचं काम.

नळ, फ्लश यांना कुठे मॉडेल नंबर असतो?

बहुतेकदा नसतो, किंवा झिजून गेलेला असतो. इथे मापानेच शोधायचं. एका दांड्याने गरम-गार करणारा नळ गळत असेल तर आत सिरॅमिकचं कार्ट्रिज असतं. तळाचा व्यास बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटर. डोळ्याने हा फरक कळत नाही, कॅलिपरने मोजा. खालच्या छिद्रांची आणि खुंट्यांची जागा फोटोशी ताडून बघा, फक्त व्यास जुळून भागत नाही. ओ-रिंग (गोल रबरी कडी) असेल तर आतला व्यास आणि रबराची जाडी, ही दोन मापं.

फ्लशची टाकी गुपचूप गळते का, हे बघायला टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. पातळी आतल्या उभ्या नळीच्या खाली असूनही भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय. पातळीच त्या नळीच्या वर जाऊन पाणी सतत आत पडत असेल, तर फ्लोट (पातळी ठरवणारा तरंगता भाग) खाली करायला हवा. ही दोन वाक्यं माहीत असली की 'पूर्ण टाकी बदला' या सल्ल्याची गरज उरत नाही.

नेटवरच्या घरगुती टिप्स कितपत खऱ्या?

मिश्र. शोधताना टिपेसोबत 'का चालतं' हेही शोधा. कारण सापडलं नाही तर सोडून द्या.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून तुंबलेली मोरी साफ करणं हा सगळ्यात लाडका उपाय. फेस दिसतो म्हणून काम होतंय असं वाटतं. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात, उरतं ते बहुतांशी पाणी आणि थोडं मीठासारखं द्रव्य. चिकट तेलकट गोळा जागच्या जागी राहतो. तिथे रबरी पंप किंवा केस ओढून काढणारी काटेरी पट्टी चालते. किटलीतल्या पांढऱ्या थरावर मात्र आम्ल एकटं उत्तम काम करतं: लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड, उकळी, अर्धा तास थांबणं, मग दोनदा साधं पाणी उकळून ओतून देणं. तेच आम्ल संगमरवरी ओट्यावर सांडलं तर दगड खाऊन डाग पाडतं.

भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. ॲपलने आपल्या मदतीच्या पानावर हे स्पष्ट लिहिलंय, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. पोर्ट खाली करून हलकेच झटका, हवेशीर जागी ठेवा, किमान अर्धा तास चार्जर लावू नका. पूर्ण वाळायला एक दिवसही लागू शकतो.

आणि एक गोष्ट कुठल्याही व्हिडिओत दिसली तरी करायची नाही: ब्लीचमध्ये दुसरं क्लीनर मिसळणं. संडास साफ करायच्या आम्लासोबत क्लोरीन वायू निघतो, अमोनियासोबत क्लोरामाइन. बंद बाथरूममध्ये दोन्ही जिवावर बेततात.

वर येणारं एआयचं उत्तर घ्यावं का?

दिशा म्हणून घ्या, आकडा म्हणून नको. गुगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत ही उत्तरं सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली, आणि पिझ्झावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालण्याचा सल्ला त्यातल्याच एका उत्तराने दिला. मूळ होतं कुणीतरी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर केलेला जुना विनोद. यंत्राला थट्टा कळत नाही.

धोका जास्त तो मॉडेलनुसार बदलणाऱ्या तपशिलात. 'रीसेटचं बटण किती सेकंद दाबायचं', 'कोणता स्क्रू आधी' याचं उत्तर शेजारच्या मॉडेलवरून उचललेलं असू शकतं, आणि ते तितक्याच ठामपणे सांगितलेलं असतं. उत्तराशेजारची लिंक उघडा आणि तिथे तुमचाच मॉडेल नंबर आहे का ते बघा. एआय उत्तर नकोच असेल तर निकालांच्या वरचा 'वेब' हा पर्याय निवडा, कधीकधी तो 'आणखी'मध्ये लपलेला असतो. तिथे नुसत्या लिंक येतात.

'टॉप टेन' याद्या आणि रिव्ह्यू वाचून खरेदी करावी का?

याद्यांवर नको. त्यातल्या पुष्कळ याद्या विक्रीच्या कमिशनवर चालतात. ओळखायची खूण सोपी: मोजलेला एकही आकडा नाही, एकाही वस्तूत खोट नाही, सगळे फोटो कंपनीचेच.

रिव्ह्यूमध्ये पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा, मधले वाचा. दोन-तीन तारे देणारा माणूस बहुधा नेमकं काय आवडलं नाही ते लिहितो. 'सहा महिने', 'एक वर्ष', 'वॉरंटी' हे शब्द रिव्ह्यूमध्ये शोधा. वस्तू टिकते का ते तिथे कळतं, खोका उघडताना लिहिलेल्या कौतुकात नाही. रिव्ह्यूत दुसऱ्याच वस्तूचं वर्णन दिसलं तर सावध व्हा. जुन्या पानाचे तारे राखून त्यावर नवी वस्तू विकायची ही युक्ती आहे.

सवलत खरी आहे का, ते कसं कळेल?

खोडलेली किंमत बघू नका, किमतीचा इतिहास बघा. ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल ही संकेतस्थळं मागच्या महिन्यांचा आलेख दाखवतात. सेलच्या आधी भाव चढवून मग उतरवलेला असेल तर आलेखात टेकडी स्पष्ट दिसते.

मग एककाचा भाव काढा. साबण प्रति धुलाई, कागद प्रति पान. प्रिंटर हे याचं उत्तम उदाहरण. स्वस्त प्रिंटर घेतला जातो आणि महाग शाई आयुष्यभर भरली जाते. कार्ट्रिजच्या नंबरसोबत 'पेज यील्ड' (एका कार्ट्रिजमध्ये किती पानं छापून होतात) शोधा, कार्ट्रिजच्या किमतीला त्या आकड्याने भागा, हा एका पानाचा खर्च. घेण्याआधी दोन प्रिंटरचा हाच आकडा ताडून बघा. सोबत येणारं पहिलं कार्ट्रिज काही वेळा कमी भरलेलं असतं, तेही मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. फ्रिजचंही तसंच: लेबलवरचे वर्षाचे युनिट गुणिले तुमचा विजेचा दर गुणिले दहा वर्षं. दुकानातला भावाचा फरक यापुढे किरकोळ ठरू शकतो.

कूपनच्या शोधाला पाच मिनिटं द्या, जास्त नाही. बहुतेक कोड मुदत संपलेले असतात.

तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळते का, ते कसं बघायचं?

विक्रेत्याचा फोटो उचलून चित्रशोधात टाका. एकाच कारखान्यातली वस्तू दहा नावांनी दहा भावांना विकली जाते आणि फोटो सगळीकडे तोच असतो. टिनआय या चित्रशोधात निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात, म्हणजे फोटो मूळ कुठून आला तेही समजतं. 'आमच्या कारागिरांनी हाताने बनवलेलं' असं लिहिलेल्या पानांवर ही तपासणी जरूर करा.

खासगी विंडोत शोधलं तर विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं का?

यावर विसंबू नका. खासगी विंडोत कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) राहत नाहीत, पण आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, तोच राहतो. भाव हलतात ते मुख्यतः त्या दराच्या जागा संपल्यामुळे. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून बघणं जास्त कामाचं, गुगल फ्लाइट्समध्ये त्यासाठी तारखांचा तक्ता आहे.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमधून घेतला तर चालेल का?

नाही. पैसे वाचवण्याच्या नादात सगळेच गमवायची ही जागा आहे. जाहिरातींत आणि नकाशावरच्या नोंदींत खोटे नंबर घुसवलेले असतात आणि घाईत असलेला माणूस पहिलाच नंबर फिरवतो. नंबर घ्यायचा तो वस्तूसोबतच्या मॅन्युअलवरून, बँकेचा असेल तर कार्डाच्या मागून, नाहीतर पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या अधिकृत संकेतस्थळावरून.

पत्ता वाचायची रीत: सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा आणि तिथून मागे वाचत या. शेवटच्या टिंबाच्या लगेच आधीचं नाव हे खऱ्या मालकाचं असतं, काही देशांच्या पत्त्यांत शेवटच्या दोन टिंबांच्या आधीचं. कंपनीचं नाव त्याच्याही आधी कुठेतरी चिकटवलेलं असेल तर ती कंपनी नव्हे.

फोनवरच्या माणसाने एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं, दुरून तुमचा फोन किंवा संगणक चालवू देणारं ॲप घ्यायला सांगितलं, ओटीपी मागितला किंवा 'परतावा देण्यासाठी' आधी पैसे भरायला लावले, की फोन ठेवा. रीतसर वाटणाऱ्या पानाने 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून विंडोज आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं, तर तेही करू नका. त्या एका कृतीने तुम्ही स्वतःच्या हाताने व्हायरस चालवता.

संगणकासाठी विकतचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?

बहुतेक घरगुती कामांना नाही. सॉफ्टवेअरच्या नावापुढे 'ओपन सोर्स पर्याय' शोधा. कागदपत्रांना लिब्रेऑफिस, फोटोंना गिंप. डाउनलोड त्यांच्याच संकेतस्थळावरून, आणि ड्रायव्हर (संगणकाला उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) फक्त उपकरणाच्या कंपनीकडून. इतर ठिकाणी पानावर चार हिरवी 'डाउनलोड' बटणं असतात, त्यातली तीन जाहिराती.

कोणत्या गोष्टी शोधून स्वतः करू नयेत?

मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजारांच्या आसपास व्होल्ट साठून राहू शकतात, आणि हा धक्का प्राणघातक असतो. गॅसची जोडणी, घराचा मुख्य विजेचा बोर्ड, फुगलेली लिथियम बॅटरी यांनाही हात लावू नका. अशा वेळी शोधायचं ते 'कसं करायचं' हे नव्हे. माहितगार माणूस काय काय तपासेल आणि कोणता भाग बदलेल, ते शोधा. तेवढं कळलं तरी बिल वाचता येतं.

शोधत किती वेळ घालवायचा?

वीस मिनिटांत तुमच्याच मॉडेलचं आणि तुमच्याच लक्षणाचं एकही पान आलं नाही, तर शब्द बदला. तसं दोनदा करूनही काही नाही, तर मेकॅनिकला बोलवा. भाग आणि अवजारं मिळून खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यावर जात असेल तरी थांबा. एकदाच लागणारं अवजार विकत घेऊन वाचलेले पैसे उडवणारे पुष्कळ असतात, ते उसनं मिळतं का बघा.

सापडलेलं पान पुढच्या वेळी नाहीसं झालेलं असतं. मग?

पान उपयोगी पडलं की लगेच 'प्रिंट'मध्ये जाऊन पीडीएफ करून ठेवा आणि फाइलला मॉडेल नंबराचंच नाव द्या. गेलेल्या पानासाठी गुगलची जुनी 'कॅश' लिंक (गुगलने साठवलेली पानाची प्रत) २०२४ पासून मिळत नाही. त्याऐवजी पत्ता कॉपी करून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या, पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळात टाका आणि दिनदर्शिकेत निळा ठिपका असलेली तारीख निवडा. कंपनीने काढून टाकलेली मॅन्युअल तिथे बऱ्याचदा मिळतात. पहिल्या तारखेला पान अर्धवट उघडलं तर आणखी जुनी तारीख घेऊन बघा.